वरचा विस्तव

जुलैत गोव्यात कुरकुरीत काही राहत नाही. भाजलेला पापड बोलता बोलता वाकतो, मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकावे लागतात, साखरेचा डबा हलवला तर आवाज येत नाही. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळणारा. अशा हवेत बेकिंग पावडरच्या डब्याचं झाकण जरा तिरकं राहिलं तरी पुरतं. बेकिंग पावडर म्हणजे सोडा, त्याच्या जोडीला कोरडं आम्ल, आणि दोघांना वेळेआधी भिडू न देण्यासाठी मध्ये घातलेला कॉर्नफ्लोर. पाणी मिळालं की ते भिडतात आणि वायू सुटतो. तो सुटायला हवा केकच्या डब्यात. आमच्याकडे तो फडताळावरच, महिनाभर, कुणाला न कळता सुटत राहतो. मग ऑगस्टात कुणाचा तरी वाढदिवस येतो, केक दोन बोटं उंचीचा होतो आणि घरातले सगळे ओव्हनकडे संशयाने बघतात.

खरं तर चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकून पाहिली की लगेच समजतं. फसफसली तर जिवंत, नाही तर फेकून द्यायची. पण केक करायच्या गडबडीत ही परीक्षा कोण घेणार? डब्यावरची तारीख पुढच्या वर्षाची असते, आणि छापील तारखेवर आपला फार विश्वास.

माझी भाची म्हापशात घरून केक करून विकते. तिला हे सगळं पाठ आहे. तिच्या फडताळात सगळे डबे घट्ट झाकणांचे, त्यावर चिकटवलेल्या चिठ्ठ्या, ओव्हनच्या आत टांगलेला वेगळा तापमापक. तो कशाला, असं तिला विचारलं तर ती ओव्हनच्या बटणाकडे तुच्छतेने बघते. घरगुती ओव्हनचं बटण १८० वर फिरवलं म्हणजे आत १८० अंश झाले असं मुळीच नाही. कॉइल तापते, बंद होते, पुन्हा तापते, काटा वरखाली होत राहतो. काही ओव्हन वीसेक अंशांनी कायमचेच खोटं बोलतात. केकला मध्येच टेंगूळ येऊन ते फुटलं तर ओव्हन सांगितल्यापेक्षा जास्त तापतोय, हे ती लांबून बघूनही सांगते.

इतकी जय्यत तयारी असूनही तिचा कोकमाचा केक राखाडी झाला. ती गोष्ट मला फार आवडते, कारण त्यात चूक म्हणावी अशी चूक कुणाचीच नव्हती.

तिला काहीतरी गोव्याचं करायचं होतं. काजू सगळेच घालतात, नारळ तर आहेच. म्हणून तिने भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, घ्यायचं ठरवलं. उन्हाळ्यात ताज्या भिरंडांचा साखरपाक करून ठेवलेला होता. तो पिठात ओतला तेव्हा असा गुलाबी रंग आला की तिने फोटो काढून सगळ्यांना पाठवला. पाऊण तासाने ओव्हनमधून जे बाहेर आलं त्याचा रंग ओल्या सिमेंटचा होता, कडेला किंचित हिरवट. चव मात्र चांगली, आंबटगोड. पण वाढदिवसाच्या मुलासमोर ते ठेवणार कसं?

भिरंडाचा तांबडा रंग हा आम्ल असेपर्यंतच तांबडा. जांभूळ, लाल कोबी यांच्यातही त्याच घराण्यातली रंगद्रव्यं असतात, आणि ती सगळी आम्लात तांबडी, सोड्यात निळसर होतात. केकच्या कृतीत सोडा होता. सोड्याने भिरंडातल्या आम्लाशी भिडून केक उत्तम फुगवला, आणि जो उरला त्याने रंग पालटला. त्यात अंड्यांचा पिवळा मिसळल्यावर निळ्याचं हिरवट होणारच. सोडा गाळला असता तरी ओव्हनच्या धगीत तो रंग फिकाच पडला असता, ही गोष्ट वेगळी. सोलकढीत नारळाच्या दुधाला येणारा गुलाबी रंग आपण रोज बघतो, म्हणून वाटतं की तो कुठेही नेला तरी तसाच राहील.

माझ्या आईने तो केक पाहिला, तुकडा खाल्ला, आणि आणखी मागितला. "रंग कितें खावपाचो?" एवढंच म्हणाली. भाची वैतागली. तिचं म्हणणंही रास्त आहे. गिऱ्हाईक आधी रंगच खातं.

पुढे तिने भिरंडेलावरही प्रयोग करायचे म्हटले. भिरंडाच्या बियांचं हे तूप गोव्याच्या दमट उकाड्यातही घट्ट राहतं, साध्या लोण्यापेक्षा जास्त उष्णतेला वितळतं, त्यामुळे मे महिन्यात चॉकलेट हातात पाघळू नये म्हणून ते कामाचं आहे असं ती म्हणत होती. शास्त्र म्हणून बरोबर. पण आमच्या घरात भिरंडेल म्हणजे पायाच्या भेगांना लावायचं औषध. आईने ती वडी तिच्या हातातून काढून घेतली आणि परत न्हाणीघराच्या कोनाड्यात ठेवली.

आईचा स्वतःचा केकचा इतिहास डिचोली तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरात सुरू झाला, ऐंशीच्या दशकात. मुंबईच्या मावशीने झाकणाला काच असलेला ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन पाठवला होता. त्याला ना बटण, ना काटा. वायर लावली की चालू, काढली की बंद. तो स्वयंपाकघरात न ठेवता पडवीत ठेवला जाई, कारण केकमध्ये अंडी, आणि अंडं आजीच्या चुलीजवळ जायचं नाही. नुस्तें, म्हणजे मासळी, चालायची, तीही रोज. अंडं चालत नसे. हा हिशेब गोव्याबाहेरच्या माणसाला समजावत बसू नये. त्याच आजीने पाव टाकून विहिरी बाटवल्याच्या गोष्टी तिच्या आजीकडून ऐकलेल्या होत्या, त्या ती आम्हाला सांगायची, आणि सांगता सांगता पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, उंडा पाव चहात बुडवायची.

तर पडवीत ओव्हन. आई शाळेतून शिकवून यायची, जेवणं-भांडी आवरायची, आणि केक लागायचा संध्याकाळी. नेमकी तीच वेळ गावात दिवे लागण्याची. विजेचा दाब उतरायचा, पडवीतला बल्ब तांबूस व्हायचा. बल्ब मंद झालेला दिसतो, ओव्हन मंद झालेला दिसत नाही. कॉइलची उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते: २३० व्होल्टच्या जागी १८० मिळाले, तर दाब घटतो पाव हिश्श्याहून कमी, पण उष्णता उरते जेमतेम ६१ टक्के. केक अर्धा फुगलेला असताना हे झालं की संपलं. आतले बुडबुडे फुगून उभे असतात, त्यांच्या भोवतीच्या अंड्याच्या आणि पिठाच्या भिंती अजून शिजून घट्ट व्हायच्या असतात. धग कमी पडली की बुडबुडे फुटतात आणि मधला भाग खाली बसतो. काचेतून आम्ही मुलं ते बघायचो. आधी वर येणारा केक हळूच खाली जायला लागला की आमच्यातलं कुणीतरी "गेलो, गेलो!" म्हणून ओरडायचं आणि आई आतून म्हणायची, "झाकण उघडू नका!" जणू झाकण न उघडल्याने गावचा दाब वाढणार होता.

आईला वाटायचं आपल्या हाताला केक नाही. तिने घोटणं कमी केलं, घोटणं वाढवलं, मैदा दोनऐवजी तीन वेळा चाळला. मासिकातून कापलेल्या कृतीत 'कप' लिहिलेला असे, तो तिने चहाचा धरला. अमेरिकन कप २४० मिलिलिटरचा, आमच्या कपाटातला त्याच्या दोन तृतीयांशही नव्हता. पण सगळंच त्याच कपाने मोजल्यामुळे प्रमाण बिघडलं नाही. बिघडलं ते अंड्यांशी, कारण अंडी कपात मोजत नाहीत. तेवढ्याशा मैद्याला अंडी जास्त, त्यामुळे केकला ऑम्लेटचा वास. हे कोडं मला फार उशिरा, तिच्या जुन्या वहीतली कात्रणं वाचताना सुटलं. तिला सांगितलं तर म्हणाली, "आता कशाला सांगतेस?"

आजीसाठी तिने एकदा बिनअंड्याचा केक केला. दही, सोडा, गूळ, आणि मैद्यात निम्मा रवा. रव्याची युक्ती शेजारच्या आंटीची, नाताळात ती रवा आणि नारळाचा बाथ करायची त्यातून उचललेली. बाथाचं मिश्रण रात्रभर भिजत ठेवतात म्हणजे रवा कचकच लागत नाही. आईने तेवढी वाट पाहिली नाही. दाब उतरला, केक बसला, वर गडद तपकिरी, आत जड आणि ओलसर. आई तो गुरांना घालायच्या विचारात होती. आजीने जेवणानंतर उरलासुरला तुकडा तोंडात टाकला, सावकाश चघळला, आणि म्हणाली, "हो बरो जाला गो. आदलो म्हणल्यार नुसतो वारो."

आदल्या आठवड्यात शेजारून अगदी टंच फुगलेला स्पंज केक आला होता. बिनअंड्याचाच होता, म्हणून आजीनेही चाखला होता. त्याला ती 'वारा' म्हणत होती.

तिच्या मनातला नमुनाच वेगळा होता. ओव्हन घरात येण्याच्या कितीतरी आधीपासून ती भाजलेले गोड पदार्थ करत होती, फक्त त्यांना केक म्हणत नव्हती. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आसपास मोठी पिवळी पडलेली तवशीं, म्हणजे जून काकड्या, यायची. तवसं किसायचं, त्याच्याच पाण्यात तांदळाचा रवा, गूळ, ओलं खोबरं, वेलची शिजवून घ्यायची, पातेल्याच्या तळाला हळदीची पानं अंथरायची, वर मिश्रण ओतून झाकण ठेवायचं, आणि त्या झाकणावर निखारे. खाली मंद विस्तव, वर करवंट्यांचे निखारे. ही तवसळी, पेडण्याच्या पलीकडे कोकणात हिलाच धोंडस म्हणतात. तिच्यात सोडा नाही, ती फुगत नाही, फुगावी अशी कुणाची अपेक्षाही नाही. ती जड असते, सुरीने कापावी लागते, दुसऱ्या दिवशी आणखी चांगली लागते. त्या मापाने आईचा बसलेला केक उत्तीर्ण होता, आणि शेजारचा फुगलेला नापास.

तवसळीलाही अपघात होतेच. झाकण तिरकं झालं तर राख आत. वरचा विस्तव जास्त झाला तर पाठ करपायची आणि पोट कच्चं राहायचं. सगळ्यात वाईट म्हणजे तवसं कडू निघणं. काकडीतला कडूपणा देठाकडे जास्त असतो, म्हणून आजी देठाकडची चकती कापून आधी जिभेला लावायची, मगच किसणी काढायची. एका वर्षी तिची चाखायची जबाबदारी माझ्या काकाने घेतली. काका तंबाखू खायचा. त्या वर्षीची तवसळी कुत्र्यानेही हुंगून सोडली, आणि काकाचं नाव पुढे कित्येक चवथींना निघत राहिलं.

वरच्या विस्तवाची खरी कसोटी मात्र बेबिंक. अंड्यांचे पिवळे बलक, नारळाचं घट्ट दूध, साखर, थोडासा मैदा, जायफळ, आणि तूप. एक थर ओतायचा, वरून तांबूस होईपर्यंत भाजायचा, तूप फिरवायचं, दुसरा थर. सातही थर करतात, सोळाही. खालून धग दिली तर तळाचा थर प्रत्येक फेरीला पुन्हा पुन्हा भाजला जाऊन कोळसा होईल, म्हणून धग वरूनच हवी. पूर्वी मडक्याच्या झाकणावर सोडणांचे, म्हणजे नारळाच्या वरच्या सालींचे, निखारे ठेवत. आता ओव्हनची नुसती वरची कॉइल चालू ठेवतात. सबंध दुपार त्यात जाते. त्या दुपारी बेबिंक करणाऱ्या बाईशी कुणी बोलायला जाऊ नये.

म्हापशाच्या इमारतीतली आमची आंटी दर नाताळाला करते. एका डिसेंबरात तिचे निम्मे थर झाले आणि वीज गेली. येईल-येईल म्हणत ती थांबली. बेबिंकला थांबणं सोसत नाही. थर पूर्ण निवला की त्यावर ओतलेला पुढचा थर धरत नाही, कापताना पानं सुटी होऊन सरकतात. बाई जागची उठली, लोखंडी तवा गॅसवर लाल होईपर्यंत तापवला, आणि सांडशीने धरून भांड्याच्या तोंडावर उपडा ठेवला. मग दुसरा तवा. आमच्या घरातूनही तवा गेला. उरलेले थर त्या तव्यांवर झाले. कापल्यावर बघितलं तर खालचे थर सरळ रेषेत, एकाच जाडीचे, आणि वरचे कुठे गडद कुठे फिके, एका बाजूला किंचित उतरते. आंटीने ती बेबिंक विकायची नाही असं ठरवून इमारतीत वाटली. वरच्या थरांना जो किंचित धुरकट करपट वास होता, तो ओव्हनमधल्या थरांना नव्हता. माझ्या मते वरचा अर्धा भाग सरस होता. आंटीला हे सांगितलं तर ती रागावली.

पावाबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण त्यात लिहिण्यासारखं अपयशच जास्त. गोव्यात राहून घरी पाव करणं म्हणजे नदीकाठी राहून विहीर खणणं. सकाळ-संध्याकाळ पोदेर सायकलवरून भोंगा वाजवत दारात येतो. पाव, उंडे, कातरे पाव, कोंड्याची पोई, कांकणं, सगळं गरम. तरी २०२० च्या टाळेबंदीत आमच्या नवऱ्याने पीठ मळायला घेतलं. पहिल्यांदा दूध इतकं गरम घेतलं की यीस्ट जागच्या जागी गेलं. साठ अंशांच्या आसपास ते जगत नाही. नंतर यीस्ट जगलं, पण एप्रिलचा उकाडा. थंड देशातल्या कृतीत लिहिलेला दीड तास त्याने इमानाने मोजला, तोवर पीठ परातीतून ओट्यावर उतरून आंबट झालेलं. आणि समजा ते साधलं असतं, तरी पोदेराच्या भट्टीची सर कुठून येणार? सरपणाची धग त्या भट्टीच्या भिंतीत आणि तळात मुरलेली असते; दार उघडून पाव सारले तरी ती उतरत नाही. आपल्या ओव्हनचं दार उघडलं की निम्मी धग स्वयंपाकघरात. पूर्वी पोदेर पीठ फुगवायला माडाची सूर, म्हणजे माडी, वापरत, तेव्हाच्या पावाची चव आईला आठवते. आता सूर काढणारे रेंदेर कमी झाले, सूर महाग झाली, यीस्ट सोपं पडतं.

नवऱ्याचे ते दगडी पाव आंटीने नेले, वाळवून कुटले आणि त्यात घोळून बांगड्याची कटलेटं करून पाठवली. ती आमच्याकडे अजून मागितली जातात. पाव मात्र त्याने सोडला.

भाचीचे अपघात वेगळ्या जातीचे, कारण तिचा केक घरातच खाल्ला जात नाही, त्याला प्रवास करावा लागतो. गेल्या पावसाळ्यात तिने साखरेच्या फॉन्डंटची एक होडी केली, पणजीच्या एका वाढदिवसासाठी. फ्रिजमधून काढलेला गार केक, बाहेर दमट हवा. फॉन्डंटला घाम फुटला. पर्वरीत गाड्यांची रांग लागलेली. मांडवी ओलांडेपर्यंत होडीचा निळा रंग खाली शुभ्र क्रीममध्ये ओघळून सगळीकडे लाटा झाल्या होत्या. भाची दारात माफी मागायच्या तयारीने उभी. त्या घरची मुलं ओरडली, "समुद्र!" पैसे पूर्ण मिळाले. ती तरीही दोन दिवस उदास होती, आणि मला वाटतं ते बरोबरच आहे. मुलांना काय दिसलं तो त्यांचा आनंद. तिने समुद्र केला नव्हता. जो धंदा करतो त्याला नशिबाने मिळालेल्या शाबासकीवर पुढची ऑर्डर घेता येत नाही. आता पावसाळ्यात ती फॉन्डंटच्या ऑर्डरी घेतच नाही, गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगते.

त्याऐवजी तिच्या डोक्यात यंदा तवसळी आहे. चवथीला, ओव्हनमध्ये, डब्यात घालून विकायची. आईला तिने पद्धत विचारली आणि वहीत उतरवायला बसली. तवसं किती ग्रॅम? आई म्हणाली, "तवसं असेल तेवढं." रवा? "ते पाणी पिईल तेवढा." भाचीने पेन खाली ठेवलं. मग वजनकाटा आणून आईच्या समोर ठेवला, आणि आई जे जे घेईल ते त्यावरून जाऊ दे असं ठरलं. तेवढ्यात वाद निघाला तो सोड्याचा. चिमूटभर घालूया, गिऱ्हाइकाला हलकं लागतं, असं भाचीचं म्हणणं. आई ऐकेना. दुसरा वाद कॉइलचा: नुसती वरची ठेवली तर तळ कच्चा राहील, दोन्ही ठेवल्या तर हळदीची पानं करपतील, आणि पानं करपली की सगळ्याला तोच वास. हळदीच्या पानांखाली केळीचं पान घाला, असं मी सुचवलं, त्याकडे दोघींनी दुर्लक्ष केलं.

शुक्रवारच्या बाजारात तवशीं आली आहेत. आणायचं काम माझ्याकडे दिलंय, आणि देठाकडची चकती तिथेच, विकणारीच्या समोर चाखून घ्यायची अशी आईची सक्त ताकीद आहे.